सोलापूरच्या पूर्व भागातल्या मुलांसाठी कायम ठेव: नवा ट्रस्ट काढावा की चालू संस्थेत निधी ठेवावा?

चाटीगल्ली (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझे काका-काकू दोघंही निवृत्त शिक्षक, वय ७४ आणि ७०. मूलबाळ नाही. जुळे सोलापुरात स्वतःचा फ्लॅट, दोन बँकांत मिळून साधारण ४० लाखांच्या ठेवी आणि मोहोळ तालुक्यात काकांच्या वाटणीला आलेली दोन एकर जिराईत. दोघांच्या मागे हे सगळं पूर्व भागातल्या विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या मुलामुलींच्या शिक्षणाला लागावं, अशी त्यांची इच्छा आहे. मुद्दलाला हात न लावता व्याजातून फी, वह्या-पुस्तकं आणि जमल्यास एक अभ्यासिका. घरात कुणाचा विरोध नाही.

स्वतंत्र ट्रस्ट काढावा, की एखाद्या शाळेच्या किंवा वाचनालयाच्या संस्थेत त्यांच्या नावाचा निधी ठेवावा? ४० लाखांत खरोखर किती मुलांना मदत होते? मृत्युपत्रात काय लिहायचं नि काय टाळायचं? शेती थेट संस्थेला देता येते का? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

ताळेबंद

आधी आकडे बघू, म्हणजे ट्रस्ट की संस्था याचं उत्तर बरंचसं त्यातच मिळेल.

४० लाखांवर ७ टक्के धरले तर वर्षाचं व्याज २,८०,०००. आयकराची सूट टिकवायची तर धर्मादाय संस्थेला उत्पन्नाचे किमान ८५ टक्के त्याच वर्षी उद्देशावर खर्च करावे लागतात. म्हणजे २,३८,००० खर्च आणि फार तर ४२,००० मुद्दलात. एका मुलामागे वर्षाला ७,००० धरले तर ३४ मुलं. स्वतंत्र ट्रस्ट असेल तर हिशेब, ऑडिट, विवरणपत्र, धर्मादाय कार्यालयातले अर्ज यांवर २५-३० हजार जातातच. तो खर्चही ८५ टक्क्यांत धरला जातो, पण मुलं ३० वर येतात. चार मुलांची फी दरवर्षी कागदपत्रांवर जाणार.

आता पुढचा हिशेब, जो बहुतेक देणगीदार करत नाहीत. दरवर्षी १५ टक्के शिल्लक मुद्दलात टाकली तरी मुद्दल वाढतं फक्त १.०५ टक्क्यानं. २० वर्षांनी ४० लाखांचे साधारण ४९.३ लाख होतील आणि खर्चाला मिळतील २.९३ लाख. महागाई ५ टक्के धरली तर आजचे ७,००० तेव्हा १८,५०० च्या पुढे गेलेले असतील. म्हणजे ३४ मुलांवरून तुम्ही १५-१६ वर आलात, तेही मुद्दलाला एक रुपयाचा धक्का न लागता. कायम ठेव आकड्यानं कायम राहते, ताकदीनं राहत नाही, हे काका-काकूंना आजच कागदावर मांडून दाखवा. ‘कमी खर्च करू आणि निधी वाढवू’ हा सरळ उपाय ८५ टक्क्यांच्या नियमामुळे पुरेसा चालत नाही. आयकराचा फॉर्म १० भरून ठरावीक कामासाठी पाच वर्षांपर्यंत रक्कम साठवता येते, पण ती शेवटी त्या कामावर खर्चच करायची असते. अभ्यासिकेची टेबलं, कपाटं, इन्व्हर्टर यासाठी हा मार्ग उत्तम. मुद्दल वाढवायला नाही. मुद्दल वाढतं ते नव्या कायम देणग्यांनी. फ्लॅट आणि शेतीचे पैसे नंतर येणार आहेत, त्यांचं महत्त्व इथे आहे. माजी विद्यार्थी, नातेवाईक यांना त्याच निधीत भर घालता येईल अशी तरतूद पहिल्या दिवसापासून ठेवा.

पैसे कुठे ठेवायचे? सोलापुरात पतसंस्था अर्धा-एक टक्का जास्त देतात म्हणून तिकडे जाऊ नका. पतसंस्थेतली ठेव आयकर कायद्यानं मान्य केलेल्या गुंतवणुकीत बसत नाही, आणि ठेव विमाही तिला लागू नाही. सहकारी बँक चालते, मात्र धर्मादाय कायद्याच्या (महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा) कलम ३५ खाली मान्य असलेली हवी. तिथेही एका बँकेत एका ठेवीदाराला विम्याचं संरक्षण व्याजासकट ५ लाखांपर्यंतच, आणि संस्थेच्या सगळ्या ठेवी मिळून ठेवीदार एकच मोजला जातो. २०२२ मध्ये सोलापुरातल्याच एका सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं रद्द केला, तेव्हा हा ५ लाखांचा आकडा अनेकांना पहिल्यांदा कळला. मोठा भाग राष्ट्रीयीकृत बँकेत, आणि काही भाग केंद्र सरकारच्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांत ठेवावा असं माझं मत. रोखे ३०-४० वर्षांचेही मिळतात, व्याज सहामाही येतं आणि दर तेवढ्या काळासाठी पक्का होतो. कलम ३५ मध्ये सरकारी रोखे बसतात. म्युच्युअल फंडात जायचं असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या आदेशात ते बसतं का आणि किती मर्यादेपर्यंत, हे संस्थेनं आधी लेखी मिळवावं.

ठेव तिमाही व्याज देणारी घ्या. व्याज मुदतीअखेर घेणारी ठेव असेल तर दरवर्षी व्याज उत्पन्नात धरावं लागतं, हातात मात्र काही येत नाही, आणि ८५ टक्के खर्च करायला पैसे कुठून आणायचे असा पेच पडतो. मार्चमध्ये आलेलं व्याज जूनच्या फीला वापरायचं असेल तर ‘हा खर्च पुढच्या वर्षी करू’ असं आयकर खात्याला कळवणारा फॉर्म ९ए वेळेत भरावा लागतो. तो राहिला की कर भरा.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे. कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक त्यात बदललेत. मी जुने सांगतोय कारण अजून सगळे त्याच नावानं ओळखतात. सीएकडून नवे तपासून घ्या.

कोर्टामागे

ताळेबंद यांच्याशी सहमत. मी मृत्युपत्राचं सांगतो.

पहिली गोष्ट: मृत्युपत्रातूनच नवा ट्रस्ट जन्माला घालू नका. तसं केलं तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २९ प्रमाणे एक्झिक्युटरनं (मृत्युपत्र अमलात आणणारा) प्रोबेटनंतर (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) एक महिन्यात किंवा मृत्यूनंतर सहा महिन्यांत, यातलं जे आधी येईल त्या मुदतीत नोंदणीचा अर्ज करायचा असतो. तेवढ्या काळात दाखले, बँका, वारसांच्या सह्या यातच माणूस अडकलेला असतो. पुढे आयकराची नोंदणी वेगळी, आणि ती मिळेपर्यंत व्याजावर कर. ट्रस्ट हवाच असेल तर दोघांच्या हयातीत काढा, चालता करा, आणि मृत्युपत्रानं त्यात भर घाला.

शेतजमीन थेट संस्थेच्या नावे लिहू नका. कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याकडे शेतजमीन जाऊ शकत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी असल्याखेरीज. मृत्युपत्रानं दिली तर हा अडसर लागत नाही, अशी समजूत आहे. गुजरातच्या तशाच तरतुदींबाबत सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये मृत्युपत्रालाही तो अडसर लागतो असं ठरवलं आहे. म्हणून वाक्य असं हवं: ‘माझ्या पश्चात एक्झिक्युटरनं ही जमीन बाजारभावानं विकावी आणि खर्च व कर वजा जाता येणारी रक्कम अमुक संस्थेच्या अमुक निधीत कायम ठेव म्हणून जमा करावी.’ त्याआधी सातबारा बघा. भोगवटादार वर्ग २ (सरकारी अटी असलेली जमीन) असेल तर विक्रीलाच परवानगी लागते. वाटणी नुसती तोंडी झाली असेल तर ती आत्ताच नोंदवून घ्या. एकत्र कुटुंबातला स्वतःचा हिस्सा हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३० खाली मृत्युपत्रानं देता येतो, पण तो किती यावरून चुलत घरं कोर्टात जातात.

फ्लॅटलाही हेच वाक्य लावा. फ्लॅट जसाच्या तसा संस्थेला दिला तर संस्थेला तो विकायला धर्मादाय कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते: मूल्यांकन, जाहिरात, बंद निविदा, सुनावणी. तीन वर्षांहून जास्त भाडेपट्ट्यानं द्यायलाही परवानगी. तोवर घराला कुलूप, सोसायटीचा मेंटेनन्स आणि घरपट्टी चालू, मुलांना शून्य. एक्झिक्युटरनं विकून पैसे दिले की हे सगळं टळतं. भांडवली नफ्यावरचा कर त्यानं इस्टेटच्या, म्हणजे मागे राहिलेल्या मालमत्तेच्या, वतीनं आधी भरायचा, उरलेले संस्थेला.

बँक ठेवींचे नंबर मृत्युपत्रात घालू नका. ठेव नव्यानं केली की नंबर बदलतो आणि ‘ती ठेव आता नाही’ असा वाद सुरू होतो. ‘माझ्या नावावर त्या वेळी असलेल्या सर्व ठेवी व शिल्लक’ असं लिहा. बँकेत नॉमिनी म्हणून संस्थेचं नाव लागत नाही, व्यक्तीच लागते. नॉमिनी मालक होत नाही, तो फक्त पैसे स्वीकारून खऱ्या हक्कदाराला देणारा. एक्झिक्युटरलाच नॉमिनी करा, म्हणजे पैसे एका हातात येतात.

दोघांनी वेगवेगळी मृत्युपत्रं करावीत. संयुक्त मृत्युपत्रात एकजण गेल्यावर दुसऱ्याला बदल करता येतो का यावर वर्षानुवर्षं भांडणं चालतात. काकांनी काकूंना ‘फक्त हयातीपुरता हक्क’ लिहिला तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ वरून तोही हक्क पुढे पूर्ण मालकीचा ठरवला जाऊ शकतो. सरळ लिहा: मागे राहणाऱ्याला सगळं पूर्ण मालकीनं, आणि तो आधीच गेला असेल तर संस्थेच्या निधीला. दोघांचीही तशीच. मागे राहिलेल्याला पैशांची गरज लागली तर हात बांधलेले नकोत. आजारपण, सोबतीला बाई ठेवणं, हे आधी.

सही दोन साक्षीदारांसमोर, दोघंही काका-काकूंपेक्षा वयानं लहान, आणि दोघंही ना वारस ना संस्थेचे विश्वस्त. चाटीगल्ली, तुम्ही पुतणे आहात, म्हणजे मृत्युपत्र नसतं तर वारसांच्या रांगेत आला असता. तुम्ही साक्षीदार होऊ नका. एक्झिक्युटर व्हायला हरकत नाही, पण सोबत दुसरा एक आणि पर्यायी एक नाव द्या. काकांचं वय बघता त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा. नोंदणी सक्तीची नाही, शुल्क किरकोळ आहे, मुद्रांक शुल्क लागत नाही, म्हणून करून टाका. मूलबाळ नसलेल्यांच्या मृत्युपत्राला लांबचे नातेवाईक आव्हान देतात, तेव्हा नोंदणी आणि डॉक्टरांचा दाखला कामाला येतो. सोलापुरातल्या मालमत्तेसाठी हिंदूंना प्रोबेट सक्तीचं नाही, तरी मोठ्या रकमेला काही बँका मागतात. थोडी रक्कम त्या खर्चाला धरून ठेवा.

संस्थेचं नाव लिहिताना नोंदणी क्रमांक हवाच. अशा सार्वजनिक न्यासाचा (ट्रस्टचा) क्रमांक सहसा ‘ई’ किंवा ‘एफ’नं सुरू होतो, सोबत ठिकाण. एकाच नावाच्या दोन-तीन संस्था सहज निघतात.

वाचनालय_सेवक

संस्थेच्या बाजूनं थोडं सांगतो, कारण निधी मोडतो तो बहुतेक वेळा तिथेच.

शाळांमध्ये जुने फलक वाचा: ‘दहावीत गणितात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास रु. ५१’. देणारानं मनापासून दिलं, पण रक्कम रुपयांत बांधली. ठेवीचं व्याज वाढलं तरी बक्षीस ५१ च राहिलं, आणि उरलेलं व्याज सर्वसाधारण खात्यात मिसळून गेलं. करारात रुपये लिहू नका, वाटा लिहा: वर्षाच्या व्याजातले ८५ टक्के शिष्यवृत्तीला, १५ टक्के याच निधीच्या मुद्दलाला.

पैसे देताना सोबत पत्र द्या, त्यात ‘ही रक्कम संस्थेच्या कायम निधीचा भाग म्हणून, अमुक उद्देशासाठी देत आहे’ हे वाक्य असू द्या. पावतीवरही ‘कायम निधी’ लिहून घ्या. हे नसेल तर ती साधी देणगी ठरते, संस्थेचं त्या वर्षाचं उत्पन्न धरली जाते, आणि तिच्याही ८५ टक्क्यांचा खर्च दाखवावा लागतो. ४० लाखांतले ३४ लाख त्याच वर्षी खर्च करायचे! मृत्युपत्रातही म्हणूनच ‘कायम ठेव म्हणून’ हे शब्द सोडू नका. कायम निधीच्या ठेवी इतर पैशांत न मिसळता वेगळ्या ठेवणं आता आयकरालाही आवश्यक आहे. ठेवपावतीवर संस्थेच्या नावापुढे निधीचं नाव, आणि ताळेबंदात निधीची स्वतंत्र ओळ. दरवर्षीच्या ऑडिटमध्ये ती एक ओळ दिसली की निम्मी काळजी मिटते.

संस्था निवडताना तीन वर्षांचे ऑडिट अहवाल मागा. देत नसतील तर पुढे जाऊ नका. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीत अजून दिवंगत विश्वस्तांचीच नावं असतील, किंवा दोन गटांचे परस्परविरोधी बदल अर्ज प्रलंबित असतील, तर बँक उद्या सह्या कुणाच्या मान्य करणार? संस्था कितीही जुनी, नावाजलेली असो, हे बघायचंच. आयकराची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला सूट) आणि ८०जी (देणगीदाराला वजावट) ही प्रमाणपत्रं आता मुदतीची असतात, पाच वर्षांची, छोट्या संस्थांना १२ए दहा वर्षांपर्यंत. तारीख तपासा.

करारात पर्यायी उद्देश लिहा. शाळा बंद पडली, तुकड्या कमी झाल्या, विडी कामगार उरले नाहीत, तर निधी कशाला जाईल? हे नसेल तर धर्मादाय कायद्याच्या कलम ५५ खाली कोर्टाकडून निर्देश आणावे लागतात. ‘पूर्व भागातल्या असंघटित कामगारांच्या मुलांचं शिक्षण, ते शक्य नसल्यास सोलापूर शहरातल्या गरजू विद्यार्थ्यांचं शिक्षण’ एवढं पुरे. निवड समितीत तिघं ठेवा: संस्थेचा एक, बाहेरचे शिक्षक एक, कुटुंबातला एक. कुटुंबातला नसेल तेव्हा ती जागा कुणी भरायची तेही लिहा. फी थेट शाळेच्या खात्यात जावी.

आणि सगळं मागे ठेवू नका, काही आत्ता द्या. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांचं उदाहरण आपल्या गावातलंच आहे. १९४१ मध्ये त्यांनी जैन संस्कृती संरक्षक संघाला आधी ३०,००० रुपये दिले, काम उभं राहताना पाहिलं, आणि १९४४ मध्ये साधारण दोन लाखांची आपली सगळी संपत्ती ट्रस्टच्या स्वाधीन केली. जीवराज ग्रंथमाला त्यातून निघाली. काका-काकूंनीही ५ लाखांचा निधी यंदाच ठेवावा. दोन-तीन वर्षं संस्था वेळेवर व्याज वाटते का, हिशेब पाठवते का, मुलं खरोखर गरजू निवडते का हे डोळ्यांनी दिसेल. पटलं नाही तर मृत्युपत्रातलं संस्थेचं नाव बदलता येतं. गेल्यावर काहीच बदलता येत नाही.

चाटीगल्ली

सगळ्यांचे मनापासून आभार. ५ लाख आत्ता आणि बाकी मृत्युपत्रानं, हे काकूंना लगेच पटलं. आणखी तीन शंका. काकांच्या एका मित्राचा आग्रह आहे की निधी आपल्या समाजाच्याच मुलांपुरता ठेवावा. चुलतभाऊ अमेरिकेत असतो, त्यालाही भर घालायची आहे. आणि आत्ताच्या ५ लाखांवर काकांना करात सूट मिळेल का?

ताळेबंद

सूट: जुन्या कररचनेत असतील तर ८०जी खाली निम्म्या रकमेची वजावट, तीही उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत. नव्या रचनेत नाही. निवृत्तिवेतनधारक बहुतेक नव्या रचनेत असतात, तेव्हा सूट धरून चालू नका. रोखीनं २,००० च्या वर दिलं तर वजावट नाहीच, चेकनं द्या. संस्थेकडून फॉर्म १०बीईचा दाखला मागून घ्या. संस्थेनं ३१ मेपर्यंत विवरण भरलं तरच तो निघतो.

समाजापुरता ठेवू नका. एका जातीच्या किंवा धर्माच्याच लोकांसाठी असलेल्या धर्मादाय ट्रस्टला सहसा आयकराची सूट मिळत नाही, ८०जीही नाही. आपल्याकडे समाजाच्या संस्था पुष्कळ आणि कामंही चांगली, पण चांगल्या सीएनं घटनेत ‘सर्वांसाठी खुलं’ हे लिहून घेतलेलं असतं. भागानं किंवा व्यवसायानं मर्यादा घाला, ती चालते: ‘पूर्व भागातले विडी व यंत्रमाग कामगार’. त्यात ज्यांना द्यायचं मनात आहे ती मुलंही येतात आणि शेजारच्या घरातलीही येतात, आणि मला तेच जास्त योग्य वाटतं. नातेवाइकांच्या मुलांना मात्र या निधीतून शिष्यवृत्ती देऊ नका, त्यानंही सूट धोक्यात येऊ शकते.

कोर्टामागे

हा धागा इतरही वाचतील म्हणून एक भर: मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता मृत्युपत्रानं देता येत नाही. जास्त द्यायचं असेल तर हयातीत द्यावं. ख्रिस्ती व्यक्तीवर धर्मादाय दानाबाबत भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ११८ चं बंधन होतं, ते सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये रद्दबातल ठरवलं. जुने मसुदे वापरणारे अजून त्याची भीती घालतात.

अमेरिकेतल्या भावाचं: त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि पैसे स्वतःच्या बचतीतले असतील तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. बँकेतून पाठवावी आणि पासपोर्टची प्रत संस्थेच्या फाइलला लावावी. नागरिकत्व बदललं असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी, ती विदेशी देणगीच, रुपयांत दिली तरीसुद्धा. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (विदेशी देणगी नियमन कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत त्यासाठीचं खातं लागतं. नवीन संस्थेला ती नोंदणी सहसा तीन वर्षांचं काम आणि त्या काळात किमान १५ लाखांचा खर्च दाखवल्यावर मिळते. नोंदणी किंवा तशी परवानगी नसताना एक डॉलर जरी संस्थेच्या खात्यात आला तरी तो गुन्हा आहे, तेव्हा भावाचा पासपोर्ट बघितल्याशिवाय त्याला खाते क्रमांक पाठवू नका.